मालवण ते देवबाग किनाऱ्याचा नकाशा: घडीचं पत्रक, मोबाइल आणि फ्लेक्स, तिन्हीसाठी चित्र कसं काढावं?

तारकर्ली_न्याहारी

न्याहारी-निवासवाल्यांसाठी एक सामायिक नकाशा करायचा आहे. उत्तरेला सर्जेकोट, दक्षिणेला देवबागचं टोक, म्हणजे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत. उत्तर-दक्षिण अंतर साधारण १२ किलोमीटर. जेटी, सिंधुदुर्ग किल्ला, चिवला, दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग, मुख्य रस्ता, पेट्रोल, एटीएम, दवाखाना एवढं दिसायला हवं. नावं मराठीत.

वापर तीन ठिकाणी: ए-४ चं तीन घड्यांचं पत्रक (१००० प्रती), व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं चित्र आणि ६ × ४ फुटी फ्लेक्स.

फोनवरच्या नकाशाचा स्क्रीनशॉट छापून पाहिला, धूसर आला. मग क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी भरलेल्या मोकळ्या नकाशाचा तयार बेसमॅप (पार्श्वभूमीचं चित्र) घेऊन ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) एक्स्पोर्ट केलं. चित्र स्वच्छ आलं, पण नावं मुंगीएवढी, आणि अर्धी इंग्रजीत. कुठे चुकतंय?

रेखांश_७३

दोन वेगळ्या चुका आहेत.

स्क्रीनशॉटचं गणित साधं आहे. फोनच्या पडद्याची रुंदी १०८० पिक्सेल. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. १०८० भागिले ३०० म्हणजे ३.६ इंच, जेमतेम ९ सेंटीमीटर. ए-४ च्या आडव्या बाजूला ३५०८ पिक्सेल हवेत. फोटोशॉपमध्ये चित्र ताणून पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. शिवाय व्यापारी कंपन्यांच्या नकाशांचे छापील जाहिरातीसाठीचे नियम वेगळे असतात, तेव्हा त्या वाटेला न गेलेलं बरं.

बेसमॅपची गोष्ट वेगळी. तो २५६ पिक्सेलच्या तयार चौकोनांचा बनलेला असतो आणि त्यावरची नावं चित्रातच भाजलेली असतात. ९६ डीपीआयच्या पडद्यावर एक चौकोन ६.८ सेंटीमीटर दिसतो, ३०० डीपीआयला तोच २.२ सेंटीमीटर होतो. नावंही त्याच हिशेबाने तिपटीने लहान होतात. डीपीआय कमी केलात तर नावं मोठी होतील, पण रेघा फाटतील. त्यावर उपाय नाही. त्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या सर्व्हरवरून चौकोन घाऊक उतरवायला मनाई आहे.

म्हणून चौकोन सोडा, मूळ माहिती घ्या. क्यूजीआयएसमध्ये क्विकओएसएम हे ओपनस्ट्रीटमॅपची माहिती उतरवणारं प्लगइन टाका आणि फक्त तुमच्या हद्दीतले रस्ते, गावं, किनारा, पुळण, पाणी, दवाखाने वेगवेगळ्या लेयरमध्ये (थरांत) उतरवा. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाची शेपफाइलही (नकाशाच्या माहितीची फाइल) मिळते, पण तिच्यात नावाचा एकच रकाना असतो, मराठी नाव गळून पडतं. क्विकओएसएममध्ये 'नेम' आणि 'नेम:एमआर' हे दोन्ही रकाने येतात. लेबलच्या एक्स्प्रेशनमध्ये कोअ‍ॅलेस फंक्शन वापरून आधी मराठी रकाना, नंतर साधा, असा क्रम द्या. उरलेली इंग्रजी नावं हाताने भरा. शक्य असेल तर ती ओपनस्ट्रीटमॅपवरच भरा, पुढच्याचं काम वाचेल.

आता किनारा. कोकणचा नकाशा पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच अडकतात. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये समुद्र नावाचा भरीव आकार नाही, फक्त किनाऱ्याची रेघ आहे. त्यामुळे समुद्र पांढरा राहतो. जगभराच्या समुद्राचे तयार पॉलिगॉन (भरीव आकार) मिळतात, पण फाइल अवाढव्य असते. १२ किलोमीटरसाठी घरीच करा:

किनाऱ्याचे सगळे तुकडे क्यूजीआयएसच्या साधनांनी आधी डिझॉल्व्ह आणि मग मर्ज लाइन्स करून एकसंध करा. उतरवलेल्या किनारारेघेपेक्षा थोडा लहान चौकोन काढा, म्हणजे रेघेची दोन्ही टोकं त्याच्या बाहेर राहतील. मग स्प्लिट विथ लाइन्स चालवा. पश्चिमेचा तुकडा समुद्र, पूर्वेचा जमीन. चौकोन न छेदता तसाच राहिला तर रेघेत कुठेतरी फट आहे, असं समजा. कोळंबच्या खाडीच्या तोंडाशी आणि कर्लीच्या मुखाशी आधी पाहा.

या पद्धतीत किल्ला समुद्रात बुडतो. तो ज्या कुरटे बेटावर आहे त्याची रेघ स्वतंत्र आणि बंद असते, ती चौकोनाला छेदत नाही. ती वेगळी निवडून लाइन्स टू पॉलिगॉन्स करा आणि जमिनीच्या रंगात समुद्राच्या वर ठेवा. शेजारच्या पद्मगड किल्ल्याच्या खडकाचंही तेच.

पुळणीचा लेयर समुद्राच्या वर हवा. ओपनस्ट्रीटमॅपची किनारारेघ मोठ्या भरतीच्या पाण्यावर धरलेली असते, त्यामुळे ओहोटीला उघडी पडणारी वाळू रेघेच्या समुद्राकडच्या बाजूला येते. समुद्र वर ठेवलात तर तारकर्लीची अर्धी पुळण गायब होईल.

प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) ईपीएसजी ३२६४३ ठेवा (यूटीएम ४३ उत्तर, सगळा कोकण किनारा त्यात बसतो). वेब मर्केटर या वेबवरच्या नकाशांच्या नेहमीच्या प्रोजेक्शनमध्ये राहिलात तर मालवणच्या अक्षांशावर सगळं सुमारे ४ टक्के फुगतं. नकाशावर १:५०,००० लिहाल आणि खरं प्रमाण १:४८,००० असेल.

मांडणीबद्दल: किनारा उभा आणि पत्रक आडवं, म्हणून नकाशा फिरवा. लेआउटमध्ये मॅप रोटेशन २७० दिलंत की पूर्व वर, समुद्र खाली, सर्जेकोट डावीकडे आणि देवबाग उजवीकडे येतं. १:४५,००० ला १२ किलोमीटर २६७ मिलिमीटरमध्ये बसतात.

कर्लीकाठ

बाकी सगळं पटलं, पण पत्रकावर नकाशा फिरवायला माझा ठाम विरोध आहे. पर्यटकाच्या एका हातात पत्रक असतं आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर उत्तर वर. दोन्ही जुळवताना माणूस गोंधळतो आणि देवबागला जायचा तो चिवल्याकडे वळतो.

शिवाय फिरवायची गरजच नाही. ए-४ तीन घड्यांत दुमडला की एक पान साधारण ९९ × २१० मिलिमीटरचं होतं. आपला किनारा नेमका याच आकाराचा आहे, उंच आणि अरुंद. कडेची जागा सोडून ९० × २०० मिलिमीटरची चौकट धरा. १:६५,००० ला ती १३ किलोमीटर उंच आणि जवळजवळ ६ किलोमीटर रुंद होते. अख्खी पट्टी एका पानात उत्तर वर ठेवून बसली. दुसऱ्या पानावर मालवण शहर १:१२,५०० ने काढा (सव्वा किलोमीटरहून थोडं कमी रुंद, अडीच किलोमीटर उंच): जेटी, बाजार, एसटी स्टँड. तिसऱ्या पानावर मालवणला कसं पोहोचायचं ते: राष्ट्रीय महामार्ग ६६, कणकवली, कसाल, कुडाळ स्टेशन, चिपीचा विमानतळ. मालवणला रेल्वे नाही, हे बाहेरच्या माणसाला इथेच कळतं.

या तिसऱ्या नकाशात अख्खा भारत दाखवू नका. भारताची बाह्य सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणे नसेल तर तो १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा ठरतो, आणि परदेशी माहितीसाठ्यातली सीमा तशी नसते. सिंधुदुर्ग जिल्हा पुरेसा आहे.

नकाशा फिरवायचा तो फ्लेक्सवर. फलक जागेवर उभा असतो, तिथे नियम उलटा: वाचणारा ज्या दिशेला तोंड करून उभा राहील ती दिशा नकाशात वर हवी. फलक वाचताना समोर समुद्र असेल तर पश्चिम वर, उत्तर उजव्या हाताला. पाठीशी समुद्र असेल तर पूर्व वर. म्हणून फलक कुठे आणि कुठल्या तोंडाने लागणार हे आधी ठरवा, नकाशा मग काढा. 'आपण येथे आहात' हा ठिपका सगळ्यात ठळक.

रेखांश_७३

घडीच्या पानाचा मुद्दा बिनतोड आहे. पत्रकासाठी माझी सूचना मागे घेतो.

शाईपट्टी

छपाईच्या बाजूने काही गोष्टी.

घड्या समान नसतात. आत जाणारं पान ९७ मिलिमीटर, उरलेली दोन १००-१००. समान ९९ ची केलीत तर आतलं पान घडीत चिमटतं. घडीच्या रेघेपासून ४-५ मिलिमीटरमध्ये एकही नाव नको, कारण आर्ट पेपरवर घडीपाशी शाई तडकते. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठी जादा कड), म्हणजे लेआउटचं पान ३०३ × २१६ ठेवा आणि समुद्राचा रंग कडेपर्यंत न्या.

क्यूजीआयएसमधून पीडीएफ आरजीबीमध्ये (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) येते असं धरून चाला. पडद्यावरचा गडद निळा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) जांभळट होतो. समुद्राला फिका रंग द्या: सायन २५, मॅजेंटा ५, बाकी शून्य. त्यावर काळी अक्षरंही स्वच्छ उठतात आणि समुद्राच्या मोकळ्या जागेत सूची, प्रमाणपट्टी, फोन नंबर टाकता येतात. कोकणच्या नकाशात ही जागा फुकट मिळालेली असते, तिचा उपयोग करा.

काळा रंग जास्त त्रास देतो. आरजीबीतला काळा रूपांतरात चार शायांचा होतो. प्लेट केसभर सरकली तरी प्रत्येक मात्रेला, वेलांटीला रंगीत सावली येते. डीटीपीवाल्याला स्पष्ट सांगा: सगळी अक्षरं फक्त काळ्या शाईत, १०० टक्के के (काळी शाई), ओव्हरप्रिंट (खालच्या रंगावरच छापलेली). तोंडी सांगू नका, ऑर्डरवर लिहून द्या.

देवनागरी ७ पॉइंटच्या खाली नेऊ नका, तीही मध्यम जाडीत. पातळ फाँटात अनुस्वार आणि रफार आधी उडतात. रेघ ०.१ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. गल्लीबोळांच्या रेघा राखाडी ठेवायच्या असतील तर त्या ०.२ च्या पुढे, कारण राखाडी रंग ठिपक्यांनी बनतो आणि बारीक रेघ तुटक दिसते.

१००० प्रतींना ऑफसेट परवडतो, २००-३०० असत्या तर डिजिटल सांगितलं असतं. कागद १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट. पर्यटक पत्रकावर पेनाने खुणा करतील असं वाटत असेल तर ९० जीएसएम मॅपलिथो (बिनचकाकीचा कागद) जास्त उपयोगी, फक्त त्यावर रंग जरा बसका येतो.

तारकर्ली_न्याहारी

फार मदत झाली. समुद्र आला, किल्लाही वर आला. आता दोन अडचणी.

एक, पीडीएफ डीटीपीवाल्याने कोरलड्रॉमध्ये उघडली तर 'तारकर्ली'चा रफार सुटून बाजूला पडला आणि 'किल्ला'ची वेलांटी क च्या उजवीकडे गेली. दोन, हेच ए-४ चं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर काही वाचता येत नाही.

जांभा

पहिल्याचं उत्तर. पीडीएफमध्ये अक्षरं मजकूर म्हणून गेली आहेत. क्यूजीआयएस अक्षरं बरोबर जोडतो, पण ती जोडणी दुसऱ्या सॉफ्टवेअरने पुन्हा केली की मोडते, विशेषतः श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांवर बसवलेल्या संगणकांवर. एक्स्पोर्टच्या खिडकीत टेक्स्ट एक्स्पोर्टपुढे 'टेक्स्ट अ‍ॅज पाथ्स' निवडा. अक्षरं आकार बनून जातात, मग कुणीही उघडा. त्यानंतर शुद्धलेखन मात्र सुधारता येत नाही, म्हणून नावं आधी तपासून घ्या.

तुमच्या नकाशातली सर्जेकोट, सिंधुदुर्ग, तारकर्ली, कर्ली ही चारही नावं रफारवाली आहेत. त्यामुळे तपासणी सोपी आहे: ही चार आणि 'किल्ला' बरोबर दिसली तर बाकीची बरोबरच.

हीच मोडतोड वेबवर चालणाऱ्या मॅपलिबरेसारख्या साधनांतून चित्र काढताना दिसते. तिथे अक्षरं एकेक करून ठेवली जातात, जोडाक्षर घडवलं जात नाही. मराठी नावांसाठी क्यूजीआयएसच बरं. मॅपनिक हा नकाशे काढणारा प्रोग्रामही जोडाक्षरं नीट घडवतो, पण त्याची मांडामांड जास्त.

फाँट निवडताना ल आणि श कडे पाहा. युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी ल चा क्रमांक एकच आहे, वळण फाँट ठरवतो. लोहित मराठीत मराठी वळण थेट मिळतं. कोकणातल्या पाटीवर हिंदी वळणाचा ल डोळ्याला खुपतो, आणि मालवण, तारकर्ली, कोळंब लिहिताना ल-ळ सारखेच लागतात.

कर्लीकाठ

दुसऱ्याचं उत्तर. ए-४ ची २१० मिलिमीटर रुंदी फोनवर सुमारे ६८ मिलिमीटर होते, एक तृतीयांश. तुमचं ८ पॉइंटचं नाव तिथे पावणेतीन पॉइंटचंही उरत नाही. चित्र लहान करून भागणार नाही, फोनसाठी वेगळा लेआउट हवा. प्रोजेक्ट एकच, लेयर तेच. प्रत्येक लेआउटला वेगळी मॅप थीम द्या, म्हणजे फोनच्या थीममध्ये गल्ल्या बंद आणि नावं मोठी ठेवता येतील.

मापाची एक युक्ती: डीपीआय २५४ ठेवा. मग १ मिलिमीटर म्हणजे बरोबर १० पिक्सेल. पान १०८ × १३५ मिलिमीटर केलंत की १०८० × १३५० चं चित्र मिळतं, चॅट आणि इन्स्टाग्रामला योग्य. १०८ × १९२ केलंत की स्टेटससाठी १०८० × १९२०. १२० × ६३ केलंत की संकेतस्थळाच्या दुव्यासोबत दिसणारं १२०० × ६३० चं चित्र. या शेवटच्यात नाव आणि खूण मधोमध ठेवा, कारण काही ठिकाणी कडा कापून चौरस दाखवतात. फाइल ३०० केबीच्या आत.

१०८ मिलिमीटरचं पान फोनवर ६८ चं दिसतं, म्हणून इथे अक्षर १२ पॉइंटच्या खाली नको. दिसताना ते साडेसातचं होतं. याचा अर्थ नावं कमी करावी लागतील. किनाऱ्याच्या फोन-नकाशात १२ ते १५ नावं पुरेत. एटीएम आणि पेट्रोलला फक्त खुणा. शहराचं चित्र वेगळं काढा आणि दोन चित्रं एकापाठोपाठ पाठवा.

फाइल पीएनजी. सपाट रंग आणि अक्षरं यांना जेपीजी मानवत नाही, मात्रांभोवती धुरकट ठिपके येतात. पण व्हॉट्सअ‍ॅप फोटो म्हणून पाठवलेलं चित्र स्वतःच लहान करतो आणि जेपीजी करतो. म्हणून दोन काळज्या घ्या. चित्र आधीच १०८० रुंदीचं असेल तर त्याला लहान करायला फारसं उरत नाही. आणि निळ्यावर लाल अक्षरं टाकू नका: जेपीजी रंगाचा तपशील उजेडापेक्षा जास्त कापतो, लाल-निळ्याची सीमा पसरते. गडद अक्षर आणि भोवती ०.८ मिलिमीटरचा पांढरा बफर (कडेची पट्टी), हे टिकतं. मूळ दर्जा हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मोबाइलला रेंज नसते तिथे आणखी एक सोय करता येते. पीडीएफ एक्स्पोर्टमध्ये जिओस्पेशियल पीडीएफचा पर्याय आहे. ती फाइल अ‍ॅव्हेन्झा मॅप्स या अ‍ॅपमध्ये उघडली की इंटरनेट नसतानाही आपण कुठे आहोत ते तिच्यावर दिसतं.

शाईपट्टी

फ्लेक्सचं राहिलं. ६ × ४ फूट म्हणजे १८२९ × १२१९ मिलिमीटर. १०० डीपीआय पुरे, ७२०० × ४८०० पिक्सेल. ३०० ला काढलंत तर फाइल नऊपट होईल आणि फरक दिसणार नाही. १:७,५०० प्रमाणाला तुमचे १२ किलोमीटर १.६ मीटरमध्ये बसतात. १० फुटांवरून वाचायला अक्षर एक इंच उंच हवं. देवनागरीत त्यासाठी फाँट साधारण १२० पॉइंट लागतो, कारण शिरोरेषेखालचा भाग पूर्ण उंचीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो.

उन्हात लाल-पिवळा आधी उडतो. महत्त्वाची गोष्ट फक्त रंगावर सोडू नका, आकारही वेगळा द्या: दवाखान्याला अधिकचं चिन्ह, पेट्रोलला पंप. क्यूआर टाकणार असाल तर स्कॅन करायच्या अंतराच्या दहाव्या भागाएवढा, दोन मीटरवरून २० सेंटीमीटर. भोवती पांढरी चौकट सोडाच.

तारकर्ली_न्याहारी

पत्रकाच्या शहराच्या पानामागे उपग्रहाचं चित्र टाकलं तर? माड आणि पुळण छान दिसतात.

रेखांश_७३

फुकट आणि मोकळ्या परवान्याचं सेंटिनेल-२ या उपग्रहाचं चित्र १० मीटरचं आहे, म्हणजे एक पिक्सेल जमिनीवरच्या १० मीटरचा. १:१२,५०० ला एक पिक्सेल ०.८ मिलिमीटरचा ठोकळा होईल, नुसते चौकोन दिसतील. १:६५,००० ला तोच ०.१५ मिलिमीटरचा, साधारण १६५ डीपीआय. पार्श्वभूमी म्हणून चालतो, पण त्याच्यावर नावं वाचणं अवघड होतं. पत्रकात सपाट रंगच ठेवा असं सांगेन. माड दाखवायचेच तर मागच्या बाजूला फोटो टाका.

श्रेय विसरू नका: नकाशाच्या कोपऱ्यात '© ओपनस्ट्रीटमॅप योगदानकर्ते', पत्रकात ७ पॉइंटमध्ये चालेल, पण तिन्ही चित्रांत आणि चित्राच्या आत. खाली कॅप्शनमध्ये लिहिलंत तर पुढे पाठवताना ते गळतं.

जांभा

कर्लीच्या मुखाशी वाळूचे दांडे दरवर्षी सरकतात. त्सुनामी बेटासकट तिथली वाळू भरीव कडेने काढू नका, तुटक रेघ आणि फिका रंग द्या. ठाम रेघ पाहून माणूस ओहोटीला चालत जायचा विचार करतो, आणि तिथे पाण्याला ओढ असते.

किल्ल्याच्या होडीचे दर आणि वेळा छापील पत्रकात नकोत. 'पावसाळ्यात होडी बंद' एवढं छापा, बाकीचं फोनवरच्या चित्रात ठेवा, ते बदलता येतं. आणि तिन्ही चित्रांवर महिना आणि वर्ष टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर जुनं चित्र वर्षानुवर्षं फिरत राहतं, पाहणाऱ्याला ते कधीचं आहे एवढं तरी कळलं पाहिजे.